मोरीची बखर

मराठी भाषेने काही शब्दांना फार राबवून घेतले आहे. 'मोरी' हा त्यांतलाच एक. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातली भांडी घासायची जागा ती मोरी. त्या जागेचे पाणी ज्या भोकातून बाहेर पडते ते भोकही मोरी. आणि रस्त्याखालून ओढ्याचे पाणी पलीकडे नेणारे दगडी बांधकाम सरकारी बांधकाम खात्याच्या दप्तरात तेही मोरीच. मालवणच्या बाजारात गेलात तर मोरी म्हणजे मासा, आणि त्या मोरीचे मटण फार चवदार होते. परंतु तिच्याशी आज आपल्याला कर्तव्य नाही. आपली मोरी ती पहिली. सणाच्या आदल्या रात्री, घरात पाहुणे उतरलेले असताना आणि चुलीवर कढई असताना, जी हमखास तुंबते ती.

दिवाळी आणि मोरी यांचा संबंध तसा जुना आहे. पुष्कळ घरांत अजून दिवाळीतल्या पणत्यांपैकी एक पणती मोरीपाशी आणि एक उकिरड्यावर ठेवतात. ही चाल कोणी घातली कोण जाणे, पण ज्या बाईने घातली तिला घराची खरी माहिती होती. देवघर आणि उंबरठा यांना वर्षभर मान असतो. मोरीला वर्षातून एकच पणती मिळते. बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस तिने मुकाट्याने गिळायचे. आणि एखाद्या दिवशी तिने गिळायचे नाकारले म्हणजे मग सारे घर तिच्याभोवती कंबरेवर हात ठेवून उभे राहते.

इतिहासाचेही तसेच आहे. पाणी आणणाऱ्याचे नाव राहते, पाणी घालवणाऱ्याचे राहत नाही. नानासाहेब पेशव्यांनी (कारकीर्द १७४०–१७६१) कात्रजच्या तलावातून पुण्यात पाणी आणले, ही गोष्ट पुण्याचे शाळकरी पोरही सांगेल. जमिनीखालून विटाचुन्याचा नळ, वाटेत ठिकठिकाणी गाळ बसावा आणि हवा खेळावी म्हणून बांधलेले उच्छ्वास, आणि शहरात ते पाणी जिथे उतरे ते हौद. फडके हौद, बदामी हौद ही नावे आजही पत्त्यांत आहेत, मग तिथे हौद दिसो न दिसो. पण त्या हौदांवरून घागरी भरून नेलेले पाणी वाड्यावाड्यांतून वापरून झाल्यावर कुठे गेले? काही दगडी भुयारी गटारे पेशवाईतच झाली होती. बाकीचे पाणी परसातल्या खड्ड्यांत मुरले, नाहीतर नागझरीकडे, आंबील ओढ्याकडे आणि शेवटी मुठेकडे आपल्या वाटेने गेले. त्या वाटांना नावे नाहीत. 'अमक्या सरदाराची मोरी' असा पत्ता मी अजून ऐकलेला नाही.

शाळेत आम्ही मुलांना मोहेंजोदडोची गटारे शिकवतो. १९२१ मध्ये हडप्पाचे आणि १९२२ मध्ये मोहेंजोदडोचे उत्खनन सुरू झाले, १९२४ मध्ये त्यांची वार्ता जगाला कळली आणि आपल्याला एकदम साडेचार हजार वर्षांचे पूर्वज मिळाले. त्या पूर्वजांची राजवाडा म्हणता येईल अशी निश्चित इमारत सापडली नाही. त्यांची लिपी अजून वाचता आलेली नाही. पण त्यांच्या न्हाणीघरांच्या उतरत्या विटांच्या फरश्या सापडल्या. गटारांवर झाकणे होती, आणि ती उचलता येतील अशी होती. मुलांना मी या दुसऱ्या गोष्टीवर थोडा वेळ थांबवतो. झाकण घालणारा मनुष्य नुसता स्वच्छताप्रिय असतो. उचलता येईल असे झाकण घालणाऱ्याला ठाऊक असते की हे एक दिवस तुंबणार आहे. घरातले पाणी थेट मोठ्या गटारात न सोडता काही ठिकाणी ते आधी खड्ड्यात किंवा मातीच्या रांजणात पडू देत. गाळ तळाशी बसे आणि वरचे पाणी पुढे जाई. आज आपण ज्याला 'चेंबर' म्हणतो त्याची कल्पना याहून फार निराळी नाही. निराळे एवढेच की आपल्या पुष्कळ जुन्या घरांत चेंबरवर मागाहून कोणीतरी फरशी बसवलेली असते, आणि तिच्यावर कोणाचे तरी कपाट उभे असते.

परंतु मराठी घराची जुनी मोरी मोहेंजोदडोच्या वंशातली नव्हे. ती उघडी होती. स्वयंपाकघराच्या कडेला चार बोटे उंचीचा दगडी वा फरशीचा काठ, आत थोडा उतार, भिंतीच्या तळाशी एक भोक, आणि भोकाबाहेर परस. कोकणात त्या भोकाबाहेर अळू असे आणि अळूच्या पुढे केळी. मोरीचे पाणी अळवाला, अळू ताटात, ताट पुन्हा मोरीत, असे ते चक्र होते. श्राद्धाचे अळूचे फतफते कोणत्या पाण्यावर वाढले याची चौकशी करण्याची पद्धत नव्हती. देशावर पाणी कमी, त्यामुळे मोरीचे पाणीही कमी. ते एखाद्या तुळशीपलीकडच्या कर्दळीला किंवा पपईला पुरे.

या मोरीत भांडी राखेने घासत. राख, काथ्या किंवा नारळाची शेंडी, आणि पितळेला चिंच. राख ही नुसती खरखरीत भुकटी नव्हे. लाकडाच्या राखेत पोटॅशचे क्षार असतात आणि ते तेलातुपाशी मिळाले की त्यातले थोडेबहुत साबण बनते. म्हणजे आपल्या आज्या-पणज्या रोज दोन वेळा मोरीत बसून, नाव न घेता, साबण करीत होत्या. उरलेली राख पाण्याबरोबर परसात जाई आणि मातीला मिळे. भोकात काही अडकलेच तर खराट्याची एक काडी पुरे. उन्हाने बाहेरची पन्हळ वाळे, कावळे आणि मांजरे खरकट्याचा निकाल लावीत. डास होत, वास येई, पावसाळ्यात भिंत ओल धरी, हे सर्व खरे आहे. जुने ते सारे सोने असे म्हणणाऱ्यांतला मी नाही. त्या मोरीच्या ओलीने किती बायकांचे गुडघे आणि किती पोरांचे श्वास बिघडले असतील याचा हिशोब कोणी ठेवलेला नाही. पण ती मोरी तुंबत मात्र नव्हती. तुंबायला आधी बंद नळी लागते.

ती नळी आपल्याकडे भीतीने आणली.

मुंबईत १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी नळाने आले. पुढे १८७९ मध्ये तुळशीचे, आणि १८९२ मध्ये तानशाचे. शहरात येणारे पाणी बत्तीस वर्षांत असे तीनदा वाढले. १८६५ मध्ये नगरपालिकेची नवी घडी बसली आणि आर्थर क्रॉफर्ड हा पहिला म्युनिसिपल कमिशनर झाला; त्याच्या नावाची मंडई सर्वांना ठाऊक आहे. गटारांची कामेही त्या काळात निघाली, पुढे वरळीला लव्हग्रोव्ह येथे सांडपाणी उपसणारे पंप बसले. पण आत येणारे पाणी पुढे आणि बाहेर जाणारे मागे, ही शर्यत चालूच राहिली. चाळीचाळींतून लोक दाटले होते. दोन चाळींमधल्या अरुंद बोळात दोन्हीकडच्या मोऱ्यांचे पाणी पडे. तिथे अळू लावायला माती नव्हती.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारींचा भाग. वखार म्हटली की उंदीर आला. पण उंदराकडे तेव्हा कोणाचे लक्ष नव्हते. रोग दुर्गंधीतून होतो, घाणीच्या वाफेतून होतो, ही समजूत सरकारी डॉक्टरांचीही होती, आणि ती काही केवळ हिंदुस्थानापुरती नव्हती. १८५८ च्या उन्हाळ्यात लंडनची थेम्स नदी इतकी घाणली की पार्लमेंटचे पडदे चुन्याच्या क्लोराइडात भिजवून टांगावे लागले, आणि जोसेफ बॅझलगेटने बांधलेली लंडनची थोरली गटारे त्या दुर्गंधीच्या धाकातून उभी राहिली. जॉन स्नो या डॉक्टरने १८५४ मध्येच पटकी पाण्यातून पसरते असे दाखवले होते. पण नाकाला जे पटते ते पार्लमेंटला लवकर पटते.

तर मुंबईत प्लेग आला तेव्हा गटारांवर मोहीम निघाली. समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक ॲसिड गटारांतून सोडले. घरांच्या भिंतींना चुना फासला, उजेड यावा म्हणून कौले काढली. गटारे अशी धुतल्याने त्यांतले उंदीर बाहेर पडले आणि रोग आणखी पसरला, असे पुढे पुष्कळांनी म्हटले. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमोन या फ्रेंच डॉक्टरने उंदरावरच्या पिसवेकडे बोट दाखवले; ते लोकांना पटायला आणखी बरीच वर्षे गेली. तोवर पुण्यात १८९७ चे ते वर्ष होऊन गेले होते. सोजिरांनी घराघरांत शिरून माणसे आणि सामान बाहेर काढले, त्यातून २२ जून १८९७ ची रात्र उगवली आणि रँडचा वध झाला. चापेकर बंधूंवर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. पण त्या काळातली आणखी एक गोष्ट फारशी कोणी लिहीत नाही. ती अशी की मराठी घराने मोरीकडे पहिल्यांदा संशयाने पाहिले ते याच वर्षांत. जी उघडी मोरी पिढ्यान् पिढ्या केवळ ओवळी होती, ती आता धोक्याची झाली.

१८९८ मध्ये मुंबईत सुधार न्यास स्थापन झाला. जुने दाट मोहल्ले पाडून रस्ते आणि नव्या चाळी झाल्या, आणि नव्या बांधकामांत बंद नळ आणि ट्रॅप हे हळूहळू नेमाचे झाले. ट्रॅप ही वस्तू मोठी गमतीची आहे. नळीला एक वाक द्यायचा, एवढेच. त्या वाकात नेहमी थोडे पाणी साचून राहते आणि गटारातला वायू त्या पाण्यापलीकडेच अडतो. १७७५ मध्ये लंडनच्या अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने संडासाच्या नळीला असा इंग्रजी एस अक्षराचा वाक देऊन त्याचे पेटंट घेतले. घड्याळे दुरुस्त करणाऱ्याला हे सुचावे यात मला नवल वाटत नाही. लहान वस्तूत अडथळा कुठे हवा आणि कुठे नको हे त्याला कळते. वायूने प्लेग होतो, पटकी होते, ही समजूत खोटी ठरली. पण त्या खोट्या समजुतीपोटी बसवलेला वाक खराच उपयोगी निघाला, आणि आज समजूत गेली तरी वाक राहिला आहे.

आपल्या मोरीत जो ट्रॅप बसतो त्याचे नाव मात्र लंडनचे नाही. जमिनीत बसवलेली बिडाची एक वाटी, वर जाळी, बाजूने वर वळून मग उतरणारी नळी, आणि आत सुमारे दोन इंच साचलेले पाणी. याला साऱ्या हिंदुस्थानात 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. मद्रासचा कंत्राटदार, कानपूरचा मिस्त्री, दिल्लीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातले पुस्तक, सरकारी मानकांचे इंग्रजी कागद, सर्वत्र हाच शब्द. तो म्हणजे आपली न्हाणी. संस्कृत स्नान, प्राकृत ण्हाण, मराठी न्हाण, त्यावरून न्हाणी. आपल्या भाषेने देशाला दिलेल्या शब्दांची यादी अभिमानाने करणारे पुष्कळ आहेत. त्यांनी हा शब्द वगळू नये. नवी शाली न्हाणी हिंदुस्थानभर पोचली ती जाळीखाली दडून.

आता तुंबण्याकडे वळतो, कारण जुन्या घरातली मोरी नव्या घरातल्या मोरीपेक्षा अधिक का तुंबते याचे उत्तर वरच्या इतिहासातच आहे. वाडा बांधला तेव्हा नळीचा विचार नव्हता. नळी मागाहून घातली. चार इंची नळीला चाळीस फुटांत एक फूट उतार हवा, सहा इंचीला साठात एक, असा जाणत्यांचा जुना ठोकताळा आहे. एवढा उतार असला की पाणी आपल्याबरोबर गाळ ओढून नेते. उतार कमी पडला तर गाळ मागे राहतो. फारच जास्त झाला तर पाणी पळून जाते आणि जड खरकटे जागीच बसते. वाड्यात मात्र नळी जायची ती जोत्याच्या दगडाला वळसा घालून, विहीर चुकवून, शेजारच्या बिऱ्हाडाच्या माजघराखालून. उताराला जागा कुठली? प्रत्येक वळणावर एक कोपर, आणि प्रत्येक कोपराशी एक ठेव. बिडाच्या नळ्यांचे सांधे ताग कोंबून वर शिसे ओतून केलेले. वर्षे गेली की बीड आतून गंजून खरबरीत होते, आणि भाजक्या मातीच्या नळ्यांच्या सांध्यांतून पिंपळाची मुळे पाण्याच्या शोधात आत येतात.

नळी बदलली तरी राख काही लगेच गेली नाही. परसात मिळून जाणारी राख बंद नळीत तळाशी बसते. तिच्यात तेलातुपाचा ओशटपणा मिसळला की गिलाव्यासारखा थर तयार होतो आणि तो घट्ट होतो. शिवाय स्निग्ध पदार्थही बदलले. १९३७ मध्ये डालडा आला. शेंगदाण्याचे तेल आपल्या हवेत पातळ राहते; वनस्पती तूप अंगाच्या उबेच्या आसपास कुठेतरी वितळते, म्हणजे जमिनीखालच्या नळीत ते थिजणारच. खोबरेल तर कार्तिकातल्या पहाटे बाटलीतच गोठते. चकल्या-करंज्यांचे तळण झाल्यावर कढईतले उरलेले ऊन तूप मोरीत ओतले की ते हातभर अंतर पातळपणे जाते आणि मग मेणबत्ती होऊन बसते. लंडनमध्ये २०१७ साली व्हाइटचॅपल भागातल्या गटारात अशा थिजल्या चरबीचा एक गोळा सापडला. अडीचशे मीटर लांब आणि एकशे तीस टन वजनाचा! पुढे त्याचा एक तुकडा तिथल्या वस्तुसंग्रहालयात काचेमागे मांडला, आणि तो पाहायला माणसे गेली. गटारातली चरबी आणि सिमेंटमधला चुना यांचा मिळून एक कठीण साबण बनतो, तो हा. आपल्या मोरीत त्याचाच धाकटा भाऊ असतो, पण त्याला पाहायला कोणी येत नाही.

आणि मग भाडेकरूंचा कायदा आला. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. महागाईत गरिबाचे छप्पर राखले गेले ही त्याची पुण्याई खरी, आणि मी ती कमी लेखणार नाही. परंतु मोरीची गोष्ट अशी की ती मालकाची, तिच्यात पडणारे खरकटे भाडेकरूचे, आणि नळी दोघांच्या मधून जाणारी. महिन्याला आठ-दहा रुपये भाडे घेणारा मालक शंभराची नळी घालीत नाही. आणि उद्या घर खाली करावे लागेल या भीतीने भाडेकरूही घालीत नाही. मालकाने दुरुस्ती न केल्यास भाडेकरूने नोटीस देऊन ती करावी आणि भाड्यातून ठराविक मर्यादेत रक्कम वळती करावी, असे कायद्यात आहे, १९९९ च्या नव्या कायद्यातही ते आहे. पण आठ रुपयांच्या भाड्यातून काय वळते करणार? जाळीसुद्धा येत नाही. एका जुन्या वाड्यात मी हे बिऱ्हाडकरूंचे राजकारण जवळून पाहिले आहे. वरच्या मजल्यावर पुरणपोळी झाली की खालच्या मोरीत कटाची आमटी प्रकट होई, आणि त्यावरून दोन शेजारणींत जे बोलणे बंद झाले ते मुलीच्या लग्नाच्या अक्षतांनीही उघडले नाही. मालक दर वेळी म्हणत, "पाहू, दिवाळी होऊ द्या."

तुंबलेल्या मोरीत हात कोणाचा जातो, हा प्रश्न आपल्या इतिहासकारांनी टाळला आहे. घरात तो हात बाईचा. जेवणारे दहा, मोरीत बसणारी एक. तिला पुढे मोलकरीण मदतीला आली, आणि मोरी तिच्याकडे गेली. पुण्यात १९८० मध्ये घरकाम करणाऱ्या बायकांनी संप केला. पगार आणि रजा मागितली. तेव्हा कितीतरी सुशिक्षित घरांना पहिल्यांदा कळले की मोरीचे पाणी आपोआप जात नसते.

घराबाहेर तो हात ठराविक जातीच्या माणसाचा. इथे एका मराठी माणसाचे नाव घेतले पाहिजे. अप्पासाहेब पटवर्धन (१८९४–१९७१), कोकणचे, एम.ए. झालेले, जन्माने ब्राह्मण. १९३२ मध्ये ते रत्नागिरीच्या तुरुंगात राजबंदी होते. तुरुंगातले भंगीकाम आपल्याला करू द्यावे अशी त्यांनी मागणी केली. सवर्ण कैद्याला ते काम देता येत नाही, असे सरकारचे उत्तर होते. जी जात मोडायला पाहिजे ती तुरुंगाच्या नियमात सांभाळली जात होती! अप्पासाहेबांनी त्यासाठी अन्न सोडले. ही बातमी येरवड्याला गांधीजींकडे गेली आणि त्यांनीही डिसेंबर १९३२ मध्ये उपवास आरंभला. सरकारला नमते घ्यावे लागले. स्वराज्यासाठी, मानासाठी, वेतनासाठी उपवास करणारे पुष्कळ झाले. घाण उपसण्याचा हक्क मिळावा म्हणून उपाशी राहिलेला हा मनुष्य मला त्या साऱ्यांत निराळा वाटतो. पुढे कणकवलीला त्यांनी गोपुरी आश्रमात मैल्याचे खत करणाऱ्या संडासांचे प्रयोग केले. ज्या गोष्टीला हात लावायचा नाही तिचे सोने करून दाखवायचे, हा त्यांचा हट्ट होता.

१९९३ मध्ये हाताने मैला उपसण्याला बंदी करणारा कायदा झाला, २०१३ मध्ये अधिक कडक झाला. साधनांवाचून माणसाला गटारात उतरवणे हा गुन्हा आहे. तरी माणसे उतरतात आणि मरतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाखांवर नेली. भरपाईची रक्कम वाढवावी लागते, यावरून काय ते समजावे. त्या माणसांना मारतो तो गटारातला विषारी वायू, सडलेल्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड. त्याचे प्रमाण वाढले की नाक मरते आणि वासही कळेनासा होतो. तो वायू माझ्या स्वयंपाकघरात येऊ नये म्हणून माझ्या मोरीत दोन इंच पाणी साचवून ठेवलेले आहे. ट्रॅपच्या अलीकडे मी आहे आणि पलीकडे तो आहे.

मोठ्या गटाराचे काम यंत्राचे आहे आणि ते यंत्रानेच झाले पाहिजे. घरची मोरी मात्र घरच्यांना उघडता येते, आणि घरातल्या पुरुषांनी ती उघडायला काही हरकत नाही. पहिल्याने अडथळा कुठे आहे ते पाहावे. भांड्यांच्या मोरीत पाणी तुंबले पण न्हाणीतले पाणी खुशाल जात आहे, तर दोष जाळीपासून पहिल्या सांध्यापर्यंतच्या हातभर जागेतला. दोन्हीकडे पाणी चढत असेल, किंवा न्हाणीत ओतलेले मोरीतून वर येत असेल, तर दोष पुढे, चेंबरात. तिथे कितीही कढत पाणी ओतले तरी ते परतच येणार.

जाळी काढून आतला गाळ हाताने काढावा, हातमोजा घालावा. साचलेले पाणी उपसून मग कढत पाणी सावकाश ओतावे; मेणाला तेच मानवते. त्याने न झाल्यास रबरी वाटीचा पंप, पण पंप मारताना शेजारचे भोक ओल्या फडक्याने दाबून धरावे, नाहीतर सारा जोर तिकडून निघून जातो. तरीही न झाल्यास बांबूची हिरवी, लवचीक कामटी किंवा प्लंबरची स्प्रिंग. लोखंडी सळई जुन्या घरात वापरू नये. ती अडथळा फोडील तशी बिडाचा सांधाही फोडील, आणि मग पाणी खरोखर नाहीसे होईल, पण ते खालच्या बिऱ्हाडात. कॉस्टिक सोड्यावर लोकांचा फार विश्वास. तो तेल कापतो हे खरे, परंतु पाणी मुळीच हलत नसेल तर तो नुसता वर तुंबून राहतो. पाण्यात पडताच तापतो आणि उडतो. ॲल्युमिनियमच्या भांड्याला तर खातोच. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र कधीच करू नये, त्यातून क्लोरीन निघतो. आणि सोडा घालूनही मोरी न उघडल्यास मग जो मनुष्य बोलवाल त्याला दारातच सांगावे की आत सोडा आहे. त्याचे हात जळालेले मी पाहिले आहेत. घरातल्या कोणी त्याला सांगितले नव्हते.

कढईतले उरलेले तूप थंड झाल्यावर रद्दी कागदाने पुसून घ्यावे, आणि उष्टे मोरीबाहेरच झटकावे. चेंबरवर कपाट असल्यास ते दिवाळीआधी, सारवण-रंगोटीच्या निमित्ताने हलवावे. त्या वेळी घर तसेही उलटेपालटे झालेले असते आणि शेजारीही मदतीला येतात.

अडथळा सुटला की मोरी घशातून एक आवाज काढते आणि साचलेले पाणी भोवरा करून जाते. कधी कधी या ओढीने ट्रॅपमधले पाणीही निघून जाते आणि थोड्या वेळाने घरात गटाराचा वास येऊ लागतो. म्हणून जाळी बसवण्यापूर्वी दोन तांबे स्वच्छ पाणी हळूच ओतावे, वाटी काठोकाठ भरली आहे हे पाहावे, आणि मग पणती ठेवावी.